अनुभव धागा: तुमची शिवणाची खोली, कोपरा, पेटी... जे असेल ते

गाठोडं
काल आईची पत्र्याची पेटी उघडली. तिला जाऊन दोन वर्षं झाली, इतके दिवस धीर होत नव्हता. सगळ्यात वर पंच्यात गुंडाळलेली कापडाची कात्री. मुठीला लाल चिंधी बांधलेली, म्हणजे हिनं कागद कापायचा नाही. खाली श्रीखंडाचे डबे. एकात हुक, एकात टिचबटणं (प्रेसबटणं), एकात पेन्सिलीच्या थोटकांना गुंडाळलेले उरलेले दोरे. त्यातला मोरपंखी दोरा माझ्या सातवीतल्या परकराचा आहे. ओळखला मी.

आमचं घर दोन खोल्यांचं. आईची शिवणाची खोली म्हणजे स्वयंपाकघरातली खिडकी. पायमशीन अशी लावलेली की उजेड डावीकडून यायचा, उजव्या हाताची सावली टिपेवर पडायची नाही. दुपारची भांडी झाली की चटई टाकून ब्लाउज बेतायची आणि दिवेलागणीच्या आत सगळं परत पेटीत. कणकेत टाचणी जाऊ नये म्हणून टाचण्या मोजून काढायची, मोजून ठेवायची.

आता लेक शिकायला बाहेर गेली. तिची आठ बाय दहाची खोली तिनंच मला देऊन टाकली. परवा सुतार येतोय. मशीन खिडकीशी, आईसारखीच. कापायचं टेबल 36 इंच उंच, भिंतीला बिजागरीनं जोडलेलं, काम झालं की खाली पाडता येईल असं. जमिनीवर वाकून वाकून आईची कंबर कशी गेली ते मी रोज पाहिलंय, म्हणून टेबलाच्या बाबतीत तडजोड नाही. बाकी सगळं अजून बदलता येईल. तुम्ही कसं मांडलंत ते सांगा. काय चुकलं तेही लिहा.

दोनसुलट_दोनउलट
टिचबटणं!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. कुकर लावलाय, नंतर येते.

पिंपळपान
36 इंच घाईनं ठरवू नकोस. माझी उंची पाच फूट, 36 ला माझे खांदे भरून येतात. ओट्यापाशी उभी राहून बघ, तिथे भाजी चिरताना पाठ दुखत नसेल तर तीच उंची धर. मशीनचं टेबल मात्र खाली हवं, 28-29 इंच. दोन्ही कामं एकाच टेबलावर करायला गेले आणि मानेचा पट्टा लागला सहा महिने.

कंदीलवाला
मी शिवत नाही, पण लिहितो. आम्ही वरळीला बीडीडी चाळीत, खोली 160 चौरस फूट, माणसं सात. वडील दिवाळीला आकाशकंदील करायचे. कामट्या माळ्यावर, पतंगी कागद गादीखाली (सुरकुतत नाही), खळ शिजायची आईच्या जुन्या पातेल्यात. गॅलरी हीच कार्यशाळा. शेजारचे काका वाट अडली म्हणून एकदाही बोलले नाहीत, उलट कामट्या तासायला बसायचे. आता माझ्याकडे मोठं टेबल, ड्रॉवर, सगळं आहे. कामट्या तासायला शेजारी कुणी बसत नाही.

पिंपळपान
कंदीलवाला, वाचून गलबललं. पण या दिवाळीला सोसायटीतल्या पोरांना बोलवा की!

कंदीलवाला
बोलावतो. खरंच बोलावतो.

मिरग
रत्नागिरीकडच्यांनी खोली मांडताना पहिला विचार पावसाचा करावा. जून ते सप्टेंबर सुया गंजतात, क्विलिंगच्या (गुंडाळून नक्षी करायच्या) कागदी पट्ट्या मऊ पडून गुंडाळतच नाहीत, मशीनच्या चाकाला तांबूस कळा येते. भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. माझी आजी टाचण्यांच्या उशीत गुंतवळ भरायची, केसांच्या तेलानं सुया गंजत नाहीत. आम्ही नाक मुरडायचो, पण तिच्या सुया अजून चकचकीत आहेत आणि माझ्या नव्या पाकिटातल्या तपकिरी झाल्या.

रेशीमगाठ
गुंतवळाची उशी आमच्याकडेही होती! आणि टाचण्या सांडल्या की जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. भाऊ मुद्दाम सांडायचा ते फिरवायला मिळावं म्हणून.

एक विचारते, विषय वेगळा आहे. आईची पैठणी आहे, घडीवर जर काळी पडत चाललीय. काय करू?

मिरग
डांबरगोळ्या आधी बाहेर काढ. मऊ सुती पांढऱ्या कापडात गुंडाळ, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोड आणि वेगळ्या जागी घाल. हँगरला टांगू नकोस, जरीच्या वजनानं साडी ओढली जाते.

बर्फातली_गोधडी
न्यू जर्सीहून. बेसमेंटमध्ये खोली केली, शेल्फं, पेगबोर्ड, झाकणाचे पारदर्शक डबे, महिनाभर खपले. मग वर्षभर तिथे गेलेच नाही. खाली गेलं की मुलांचा आवाज येत नाही, दिवस आहे की रात्र कळत नाही. शेवटी मशीन जेवणाच्या टेबलाच्या कडेला आणली. तेव्हापासून तीन गोधड्या झाल्या, तिन्ही आईच्या आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांच्या. टाके हातानंच, धावदोरा, मुलगा शेजारी बसून गणितं करतो. म्हणून गाठोडं, त्या खोलीचं दार उघडं राहील असं बघा. आणि दिवा! पिवळ्या दिव्याखाली मी काळा म्हणून गर्द निळा दोरा वापरला, सकाळी खिडकीशी नेल्यावर दिसलं. सगळा उसवला.

दोनसुलट_दोनउलट
आले. माझा अनुभव डब्यांचा. एकसारखे स्टीलचे डबे आणले होते, ओळीनं सुंदर दिसायचे. पण आत काय आहे ते दिसेना, नावं चिकटवली तर आतलं बदलत राहायचं. एकाच आकाराची क्रोशाची सुई तीनदा विकत आणली गेली. आता बरण्या, पारदर्शक, बस. लोकर मात्र बंद पिशवीत कडुलिंबाच्या सुकवलेल्या पाल्यासकट, कसर लागली की सगळं गेलं.

पायमशीन
इस्त्रीबद्दल कुणीच लिहिलं नाही. शिवताना दर टिपेला इस्त्री लागते, ती दुसऱ्या खोलीत असेल तर आळस होतो आणि कॉलर बसत नाही. मशीनपासून दोन पावलांवर ठेवा, पण प्लग भिंतीतला वेगळा घ्या. मी मशीन, दिवा, ग्लू गन, इस्त्री सगळं एका एक्स्टेंशनवर चालवत होते, एक दिवस वायर वितळल्याचा वास आला. सुताराआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. फर्निचर लागल्यावर पॉइंट कपाटामागे जातात.

गाठोडं
इलेक्ट्रिशियनचं डोक्यातच नव्हतं! आत्ता फोन केला, उद्या येतोय.

रेशीमगाठ
पुण्यात रविवार पेठेतून लेस आणायला कुणी येतंय का या आठवड्यात? एकटीनं बोहरी आळीत शिरलं की मी भलतंच घेऊन येते.

दोनसुलट_दोनउलट
गुरुवारी मी. दुपारी चारनंतर नको, पाय ठेवायला जागा नसते.

पिंपळपान
मलापण न्या. मणी संपलेत.

जुनीखुर्ची
मी 71 वर्षांची. खोली नाही, हौसही आता मोजकीच. दिवाणाखालच्या कप्प्यात सगळं होतं, पण वाकवेना, म्हणून सुनेनं भाजीची चाकाची ट्रॉली दिली. वर चष्मा नि कात्री, मध्ये दोरे, खाली नातीच्या बाहुलीचे कपडे. सकाळी उन्हाबरोबर ती पूर्वेच्या खिडकीत, दुपारी पश्चिमेच्या. रात्री मशीन चालवायची तर खाली रबरी मॅट घालते, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे.

बर्फातली_गोधडी
आजी, बाहुलीच्या कपड्यांचे फोटो टाका ना.

जुनीखुर्ची
नात शाळेतून आली की टाकते, मला फोनवरून जमत नाही. परवा तिच्या बाहुलीला नऊवारी शिवली, लहानशी, काष्ट्यासकट.

गाठोडं
सुतार आत्ताच माप घ्यायला येऊन गेला. ओट्याशी उभी राहून पाहिलं, माझं 34 भरलं, तेच सांगितलं. पिंपळपान, तुझे उपकार. आईची पेटी खोलीत ठेवायची की नाही यावर अडले होते. टेबल पाडल्यावर खाली जागा उरते, तिथे बरोब्बर बसतेय. लाल चिंधी सोडायला गेले, गाठ फार घट्ट आहे. राहू दे तशीच.

रेशीमगाठ
गुरुवारी तू पण चल गं. मोरपंखी रीळ बघू मिळतंय का.