अनुभव धागा : हात घालणं बंद झाल्यावर

कांडीवाला (धागाकर्ता)

सोलापूर जिल्ह्यात बावीस वर्षं जनावरांची खासगी प्रॅक्टिस केली. मोटरसायकल, एका बाजूला बॅग, दुसऱ्या बाजूला नायट्रोजनचं भांडं. डावा हात जनावराच्या आत, उजव्या हातात कृत्रिम रेतनाची गन, तिच्यात रेताची कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी). रोज पंधरा-वीस जनावरं. हातमोजा काढला की खांद्यापर्यंत घामाने भिजलेला हात, आणि पुढच्या वस्तीवरून फोन.

तीन वर्षांपूर्वी एका वस्तीवर म्हैस गाभण आहे का बघत होतो. जनावर जखडायचा खोडा नव्हता. दाव्याला बांधलेली, शेपूट धरायला घरातला नववीतला पोरगा. हात पार काखेपर्यंत आत, आणि म्हैस खाली बसली. माझ्यासकट. मला आवाज आला नाही, पोराला आला. म्हणाला, "डॉक्टर, कायतरी मोडलं."

खांदा निखळला, आतले स्नायू फाटले. ऑपरेशन झालं, सात महिने व्यायाम झाले. आता कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा उजव्या हाताने काढतो. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, काम काय करता. सांगितलं तर आधी हसले, मग म्हणाले ते बंद.

धागा काढण्याचं कारण असं, की आपल्यात खांदा, पाठ, गुडघा यातलं एक काहीतरी प्रत्येकाचं गेलेलं असतं आणि बोलत कुणीच नाही. बोललं की गिऱ्हाईक पलीकडच्या डॉक्टरकडे. तर लिहा. काय लागलं, नंतर काय धरलं, घरात पैसे यायला किती दिवस गेले. जमलं नाही तेही लिहा. धीर देणारे फोटो आणि सुविचार कृपया नकोत. माझं सविस्तर मागून लिहितो.


काचपट्टी

मी सरकारी, पशुधन विकास अधिकारी. माझा गुडघा. लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणात एका बैलाने, तेही शेजारच्या बैलाला टोचताना, बाजूने लाथ घातली. दोन ऑपरेशनं होऊनही उकिडवं बसता येत नाही, चिखलात उभं राहता येत नाही. म्हणजे दवाखान्याचा प्रमुख असून गोठ्यात जाता येत नाही.

कार्यालयात सुचवलं गेलं की स्वेच्छानिवृत्ती घ्या. सुचवलं म्हणजे अर्जाचा मसुदाच हातात दिला. मी सही करणारच होतो. एका लिपिकाने (देव त्याचं भलं करो) बाहेर चहाला नेऊन सांगितलं, साहेब, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचा, कलम २०. ते इथे लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर तेवढ्यावरून नोकरीतून काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (म्हणजे जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवायचं. १९९५ च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ मध्ये हेच होतं. म्हणजे नियम जुना, आपल्याला माहीत नव्हता एवढंच.

वैद्यकीय मंडळाचा दाखला, फाईल, त्रुटी, पुन्हा फाईल. अकरा महिने गेले. आता रोगनिदान प्रयोगशाळेत आहे. सकाळी तालुक्यांतून रक्ताच्या काचपट्ट्या येतात, जिम्साने रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली थायलेरिया, बबेसिया हे गोचीडतापाचे जंतू शोधत बसायचं. पट्टी कुणी केली हे मला आता रंगवायच्या आधीच ओळखू येतं. एक मॅडम अशी पातळ, जिभेच्या आकाराची पट्टी ओढतात की बघत राहावं. एक महाशय रक्ताचा थेंब पोळीवरच्या तुपासारखा फासून पाठवतात. त्यांना मी फोन करून शिकवलं, दोनदा. तिसऱ्यांदा पट्टी जरा बरी आली.

एक गोष्ट मात्र खुपते. गोचीडतापाचा रिपोर्ट मी तासाभरात कळवतो. गाय उठली का हे मला कुणी कळवत नाही.


मांजरचावा

पुण्यात कुत्र्या-मांजरांची सर्जरी करायचे. गोठेवाल्यांना वाटेल हिचं काय दुखणार! ऐका.

पिंजऱ्यातून काढताना एका बोक्याने उजव्या हाताच्या तर्जनीच्या सांध्यावर दात रोवला. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दोन भोकं. रेबीजची लस आधीपासून घेतलेली, म्हणून निर्धास्त. नळाखाली साबणाने हात धुतला, बेटाडीन लावलं आणि यादीतली उरलेली तीन ऑपरेशनं केली. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून जखम मिटते आणि जंतू सांध्यात कोंडले जातात, हे मी पेशंटच्या मालकांना शंभर वेळा सांगितलेलं आहे. स्वतःला एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट वांग्यासारखं. हाताच्या सर्जनने दोनदा उघडून धुतलं. बोट वाचलं, पण वाकत नाही.

तर्जनी न वाकणारी माणसं काय काय करू शकतात याची मोठी यादी आहे. टाके घालण्याची चिमटी धरणं त्यात नाही. मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन मी वीस मिनिटांत करायचे. नंतर एकदा हट्टाने करायला घेतलं, चाळीस मिनिटं झाली, भूल वाढवावी लागली. मांजर ठीक झाली. मी त्या दिवशी हत्यारांचा डबा ज्युनियरला देऊन टाकला.

आता बाहेरच्या क्लिनिक्सचे एक्स-रे आणि सोनोग्राफीचे व्हिडिओ वाचून रिपोर्ट देते. वाटतं तितकं सोपं नाही. पहिलं वर्षभर एका ज्येष्ठ सरांच्या हाताखाली, प्रत्येक रिपोर्ट त्यांनी लाल करून परत पाठवलेला. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी लाल शाई सोसायची तयारी हवी. कमाई पहिल्या वर्षी निम्म्याहून कमी, तिसऱ्या वर्षी पूर्वीच्या जवळपास. मान दुखते ती वेगळीच.

मांजर चावलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हा सुविचार नाही, कांडीवाले दादा, त्यामुळे चालवून घ्या.


मेडिकलवाला

तुमच्या सगळ्यांचं काहीतरी जमलं. माझं नाही जमलं, म्हणून लिहितो.

कमरेच्या मणक्यातली चकती सरकली. अडलेल्या गाईचं वासरू ओढताना. विम्याच्या कामाला लागलो. जनावर बघायचं, कानातला बिल्ला बघायचा, फोटो, मेल्यावर पुन्हा बिल्ला, शवविच्छेदनाचा अहवाल. वाटलं, आपल्याला जनावर कळतं, आपल्याइतका बरा माणूस कोण?

विम्यात पहिला नियम, बिल्ला नाही तर दावा नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, लबाड्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. पण एका घरी गेलो, गाय मेलेली, कान कुत्र्यांनी तोडून नेलेला. ती बाई मला म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच तर हिला दोनदा वाचवली होती, तुम्ही नाही का ओळखत?" मी ओळखत होतो. तिच्या पुठ्ठ्यावरच्या टाक्याची खूण माझीच होती. कागदावर ती चालत नव्हती.

आठ महिन्यांत सोडलं. भाच्याने डी. फार्म. केलंय, त्याच्या लायसन्सवर औषधांचं दुकान टाकलं. चालतं. गल्ल्यावर बसतो. लोक शेणाचा फोटो घेऊन येतात.


पावसाळी बेडूक

बीव्हीएससीच्या (पशुवैद्यकाच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. वाचून टरकली. लिहीत राहा सगळे.


चढउतार

मला जनावराने लाथ मारली नाही की शिंग लावलं नाही. मी वार (व्याल्यावर पडायची नाळेची पिशवी) काढायचो. गाय गाभडली किंवा व्याली, वार अडकली की हात घालून सोडवायची, हीच पद्धत होती आणि शेतकऱ्याला तेच हवं असायचं. मोजे संपलेले असले तर तसाच. नखाजवळ चिरा पडलेल्या असायच्याच.

संध्याकाळी ताप, रात्री घाम, सकाळी ठीक. दोन महिने टायफॉइड म्हणून औषधं खाल्ली. मग कंबर धरली. शेवटी एका फिजिशियनने धंदा विचारला आणि ब्रुसेलाची (गाई गाभडवणारा, माणसालाही लागणारा जंतू) तपासणी सांगितली. जंतू मणक्यात जाऊन बसले होते. डॉक्सीसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सहा आठवड्यांचा कोर्स मला पुढे वाढवावा लागला. मणका बरा झाला, पण वजन उचलायला आणि मोटरसायकलला मनाई.

आता एका औषध कंपनीचा तांत्रिक सल्लागार आहे. गावोगाव सभा घेतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस द्या, गाभडलेली गाय वेगळी बांधा, वार पुरा, कुत्र्यापुढे टाकू नका. आणि वार ओढून काढायचा आग्रह डॉक्टरला करू नका, हल्ली तसं करूही नये म्हणतात, गर्भाशयाला इजा होते. सभेत हमखास कुणीतरी उठतो, "पण साहेब, पूर्वी तर तुम्हीच काढायचा की!"

काढायचो.


दुसरी माडी

इंग्लंडात आहे, सहा वर्षं झाली. गाईंची सोनोग्राफी करून करून मनगटातली नस दबली, बोटं बधिर. इथल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजची परीक्षा आधीच दिलेली होती, त्यामुळे कत्तलखान्यात सरकारी पशुवैद्य म्हणून लागलो. जिवंत जनावर तपासायचं, ते नीट वागवलं जातंय ना बघायचं, कागदांवर सह्या. सुरी बहुतेक वेळ निरीक्षकाच्या हातात असते. इथे हे काम आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनीच धरलंय, गावठी इंग्रज पोरांना नको असतं.

आईला सांगितलंय, "तपासणी खात्यात" आहे.


डॉक्टरीणबाई

मी डॉक्टर नाही, मराठी शिकवते. पण गावात मला डॉक्टरीणबाईच म्हणतात. हे लिहिणार नाहीत, म्हणून मी.

ह्यांची पाठ गेली त्याला पाच वर्षं झाली. पहिले आठ महिने हे भिंतीकडे तोंड करून झोपत आणि फोन मी घेई. "डॉक्टर आहेत का हो वहिनी?" आहेत, पण येऊ शकत नाहीत. असं किती वेळा म्हटलं असेन! काही जणांनी नंतर फोन करणं सोडलं. तो त्रास जास्त होता, पाठीपेक्षा.

एका रात्री दोनला फोन आला. ह्यांच्याकडे पूर्वी शिकायला असलेला मुलगा, आता डॉक्टर झालेला. गाय अडलेली, आत एक पाय हाताला लागतोय, पुढचा की मागचा समजेना, शेतकरी अंगावर ओरडतोय. मी फोन स्पीकरवर ठेवला. हे पडल्या पडल्या म्हणाले, "ओढू नको. खुराच्या वरचा सांधा वाकव. आता त्याच्या वरचा. दोन्ही एकाच बाजूला वाकतात का?" पलीकडे शांतता. मग, "नाही सर, उलटसुलट." "मग तो मागचा पाय आहे. वासरू उलटं आलंय. दुसरा पाय शोध, शेपूट लागेल हाताला." असं चाळीस मिनिटं चाललं. मध्येच हे कधी उठून बसले ते मला कळलंच नाही. वासरू जिवंत निघालं. कालवड.

सकाळी मी म्हटलं, हेच करा की. तर म्हणे, फोनवर बोलायचे कोण पैसे देतंय. त्यांचं बरोबर होतं. पण त्या मुलानेच पुढे एका प्रशिक्षण केंद्रात शब्द टाकला. आता हे कृत्रिम रेतन शिकणाऱ्या पोरांना शिकवतात. खाटीकखान्यातून गर्भाशयं आणतात, टेबलावर मांडतात आणि पोरांचे डोळे बांधून हाताने ओळखायला लावतात. पगार पूर्वीच्या कमाईच्या मानाने थोडा आहे, खोटं कशाला बोलू. घर माझ्या पगारावर चाललं आणि अजून बरंचसं चालतं. ते ह्यांना पटायलाही वेळ लागला.


कांडीवाला (धागाकर्ता)

वहिनी, "फोनवर बोलायचे कोण पैसे देतंय" यावरच मी दीड वर्ष अडकलो होतो.

मी आता चाऱ्याचा सल्ला देतो. गोठ्यावर गेलो की आधी कशाला हात लावत नाही. चहा घेऊन कट्ट्यावर बसतो आणि बसलेल्या गाईंपैकी रवंथ किती करतायत ते मोजतो. निम्म्याहून कमी असल्या तर खुराक जास्त आणि वैरण कमी, बहुतेक वेळा. मग शेण बघायचं, मक्याचे अख्खे दाणे दिसतात का. आमच्याकडे कारखाना सुरू झाला की चार महिने नुसती उसाची वाढी (शेंड्याकडचा पाला) घालतात. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, मग गाय व्याली की खाली बसते, मग सलाईनला आठशे रुपये. ती आठशेची बाटली लावायला मी बावीस वर्षं जात होतो. वाढी कमी करा हे सांगायला तेव्हा वेळ नव्हता.

पण पैसे! इंजेक्शन टोचलं की शेतकरी न मागता खिशात हात घालतो. तोंडाने सांगितलं की आणखी एक कप चहा देतो. मलाही मागायची लाज वाटायची, हातात बॅग नसली की डॉक्टर असल्यासारखंच वाटत नव्हतं. शेवटी एका दूध संकलन केंद्राच्या मालकाशी बोललो. त्याच्या वीस गोठ्यांची फॅट आणि दूध वाढलं तर त्याचाही फायदा, तेव्हा महिन्याचे पैसे त्याने द्यायचे. पहिला चेक जखमेनंतर एकोणीस महिन्यांनी आला. तोवर बायकोचं सोनं बँकेत होतं, त्यातलं एक गंठण अजून आहे.

मेडिकलवाले, शेणाचे फोटो मलाही येतात. एकदा बोलू, फोन करतो.


डॉक्टरीणबाई

ह्यांना सगळा धागा वाचून दाखवला. बाकी काही बोलले नाहीत. म्हणाले, त्या कांडीवाल्यांना विचार, म्हैस गाभण होती का.


कांडीवाला (धागाकर्ता)

होती. चार महिने. मला उचलून गाडीत घालताना त्या पोराला सांगितलं.