उन्हाळ्यातील गृहभेट : बाळ गरम लागते, तो उकाडा की जंतुसंसर्ग?

प्रश्न – आरोग्यसेविका, सोलापूर जिल्हा
नमस्कार. उपकेंद्रात माझी नेमणूक नवीनच आहे. काल आशाताईंबरोबर तिसऱ्या दिवसाच्या गृहभेटीला गेले, तेव्हा भर दुपारी पत्र्याच्या खोलीत बाळ कानटोपी, दोन झबली आणि वरून सोलापुरी चादर अशा बंदोबस्तात झोपलेले होते. काखेतले तापमान ३७.९ अंश सेल्सिअस भरले. जन्माच्या वेळचे २९०० ग्रॅम वजन २६४० वर आले आहे. खबरदारी म्हणून मी बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. पण असे बाळ दिसल्यावर घरीच काय पाहावे, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

उत्तर – अधिपरिचारिका, नवजात शिशू विभाग
सिस्टर, शंका असताना बाळाला पाठवलेत, ते योग्यच केलेत. अशा वेळी प्रथम एक तळहात बाळाच्या पोटावर आणि दुसरा तळपायावर ठेवून पाहावे. पोट आणि तळपाय दोन्ही गरम असतील, अंग लालसर दिसत असेल, तर बाळ बहुधा पांघरुणाने तापलेले असते. पोट तापलेले आणि हातपाय मात्र गार असतील, तर जंतुसंसर्गाची शंका धरावी. नंतर टोपी व जादा कपडे काढून, बाळाला घरातल्या गार जागी आणून आईला अंगावर पाजायला सांगावे आणि अर्ध्या तासाने तापमान पुन्हा घ्यावे. ते ३६.५ ते ३७.५ च्या दरम्यान आले, बाळ जोराने ओढत असले आणि हातपाय हलवत असले, तर घरी ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहता येते. मात्र ताप उतरला नाही, बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले किंवा झटके आले, तर वाट पाहू नये. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजावेत, कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच काही सेकंद थांबतो आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की हिशेब चुकतो. आकडा ६० किंवा अधिक आला, तर बाळ शांत असताना पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तेवढाच आला किंवा छाती आत ओढली जात असली, तर १०८ बोलवावी.

उत्तर – निवृत्त परिचारिका, सोलापूर
वजनाकडे दुर्लक्ष नको. २६० ग्रॅमची घट म्हणजे जवळपास ९ टक्के. दहाच्या आत असली तरी तिसऱ्या दिवशी ती दूध कमी पडत असल्याची खूण असू शकते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात असे बाळ फार लवकर सुकते. म्हणून आई पाजत असताना शेजारी बसून पाहावे : तोंड पूर्ण उघडले आहे का, स्तनाचा काळा भाग तोंडात आहे का, गिळल्याचा आवाज येतो का. तिसऱ्या दिवशी २४ तासांत किमान तीनदा लघवी व्हायला हवी. उकाडा आहे म्हणून पाणी, मध किंवा बाळगुटी मुळीच देऊ नये. आईचे दूधच वारंवार पाजावे. कावीळ दारातल्या उजेडात पाहावी, हिरव्या रंगाच्या भिंतीजवळ फसगत होते. तळपाय पिवळे दिसले, तर त्याच दिवशी पाठवावे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. बाळ घरी परतले आहे. सातव्या दिवशी वजनकाटा घेऊन जाईन आणि या वेळी आजींनाही शेजारी बसवून पाजणे दाखवीन, कारण चादर त्यांनीच घातली होती आणि ती मायेपोटीच घातली होती.