अनुभव धागा : खाडीकाठचे निवांत रस्ते आणि सायकल

कोकणचा किनारी रस्ता सलग नाही, आणि सायकलस्वारासाठी हेच त्याचे भाग्य आहे. धरमतर, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा खाड्या त्याला जागोजागी तोडतात. त्यामुळे लांब पल्ल्याची वाहतूक मुंबई–गोवा महामार्ग धरते आणि किनाऱ्यावर उरतात ती गावची माणसे, एसटी, मासळीचे टेम्पो आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या. रेवस–रेड्डी सागरी महामार्गावरील खाडीपूल आता एकेक करून हाती घेतले जात आहेत. ते पूर्ण झाल्यावर हे रस्ते असेच राहतील असे मला वाटत नाही, म्हणून हा धागा. खारफुटी, खाजणे (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी), मिठागरे आणि बंदरगावे यांतून जाणारे जे रस्ते आपण स्वतः सायकलने केले असतील, त्यांविषयी लिहावे. वेग आणि वेळ यांच्या नोंदी नसल्या तरी चालेल. रस्ता कुठे शांत आहे, कुठे नाही, कोणत्या दिवशी जावे आणि खाडी कशी ओलांडली, हे मात्र अवश्य लिहावे.

सुरुवात मीच करतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि मुंबईकर सायकलस्वाराची पनवेल-पेणच्या धुळीतून सुटका झाली. साधारण तासाभरात आपण सायकलसह पलीकडे उतरतो. मात्र मांडवा ते अलिबाग या पट्ट्याला शांत म्हणणे धाडसाचे ठरेल. शनिवारी सकाळी तर तो टाळलेलाच बरा. माझ्या मते खरा रस्ता रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर सुरू होतो. कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला उजवीकडे ठेवून रस्ता चढू लागतो. पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलली जाते, आणि चहाच्या टपरीवर ती कानावर पडली की क्षणभर आपण कुठे आहोत याचाच गोंधळ होतो. काशीदची गर्दी निमूटपणे मागे टाकावी, नांदगाव आणि मुरूड करून आगरदांड्याला बोट धरावी आणि दिघीला उतरावे.

दिवेआगर–शेखाडी–श्रीवर्धन हा तुकडा मी आजवर पाहिलेल्या किनारी रस्त्यांत सर्वांत वरचा मानतो. काही ठिकाणी समुद्र इतका जवळ असतो की पावसाळ्याच्या तोंडाशी चष्म्यावर खारे तुषार बसतात आणि ते पुसण्यासाठी थांबावेच लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पूर्वी सावलीत असलेले काही भाग त्यानंतर उघडे पडले, त्यामुळे दुपारी अकरानंतर या रस्त्यावर राहू नये.

पोयनाड परिसर, सध्या पुणे

वरील लेखनात अलिबाग तालुका केवळ गर्दीपुरता आला, याचे थोडे वाईट वाटले. माझे आजोळ खारेपाटातले आहे, आणि निवांत रस्ता हवा असेल तर समुद्राकडे पाठ फिरवून धरमतर खाडीच्या अंगाला, पोयनाडहून चरी, शहापूर, धेरंडकडे वळावे, असे मी सुचवेन. चढ जवळपास नाही. दोन्ही बाजूंना भातखाचरे, त्यांपलीकडे मातीचे बांध आणि बांधांपलीकडे तिवरांचे, म्हणजे खारफुटीचे रान. ही सारी जमीन पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खाडीकडून मिळवलेली आहे. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. तिच्या झडपा भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, आणि ओहोटी लागली की आत साचलेले गोडे पाणी त्यांना बाहेर ढकलून निघून जाते. सायकल टेकवून पंधरा मिनिटे तिथे उभे राहिलात तर झडप फटीफटीने उघडताना दिसते. फटीतून पहिली धार सुटते तेव्हा खालच्या चिखलातले खेकडे एकदम बिळांत पळतात.

चरी हे १९३३ ते १९३९ अशा प्रदीर्घ शेतकरी संपाचे गाव. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीनदार खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि सहा वर्षे हालअपेष्टा सोसल्या. या सपाट, शांत रस्त्यावरून जाताना एवढे ठाऊक असलेले बरे. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, जमीन नापीक होते आणि हळूहळू तिथे तिवर उगवते. आमच्या भागात आज जे रान पाहून सायकलस्वार हरखून जातात, त्यातील काही भाग काल-परवापर्यंत भातशेतीचा होता. आणि एक विनंती : छायाचित्राच्या मोहाने सायकल बांधावर चढवू नये. ओल्या मातीत चाकाची चाकोरी पडली की पाणी तिथूनच वाट काढते. जेवणाचे म्हणाल तर तळ्यातील जिताडा मासा मिळाल्यास बाकी काही मागवू नका.

दापोली तालुका

मी या भागातच राहते, शाळेत शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे मैत्रिणींसोबत सायकल चालवते. बाहेरून येणाऱ्यांसाठी माझी शिफारस केळशी–उटंबर–आडे–पाडले–आंजर्ले अशी आहे. एका अंगाला कांदळवनाचा चिखल, दुसऱ्या अंगाला सुरूची बने, आणि मधून गावातील आळ्यांतून जाणारा इतका अरुंद रस्ता की समोरून एसटी आली तर सायकलसुद्धा गडग्याला टेकवावी लागते. वेळासला जायचे असेल तर कासवांच्या हंगामातील शनिवार-रविवार सोडावेत. तेथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण केले जाते आणि पिल्ले समुद्रात सोडण्याच्या दिवसांत त्या लहानशा गावात गाड्यांना वळायला जागा राहत नाही. वेळासहून केळशीला यायचे तर भारजेच्या खाडीला वरच्या अंगाने मोठा वळसा पडतो, तोही चढउताराचा. हर्णैच्या बंदरावर लिलाव चालू असताना रस्त्यावर बर्फाचे आणि मासळीचे पाणी सांडलेले असते. तिथे ब्रेक जपून लावावा.

आता धागाकर्त्यांच्या मुद्द्याकडे येते. पूल झाले की शांतता जाईल, हे खरे आहे. जोग नदीच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा आंजर्ल्याहून हर्णैला होडीनेच यावे लागे. माझ्या सासूबाईंना एकदा रात्री पोटदुखीने तळमळत असताना ओहोटीमुळे होडी तरंगेपर्यंत काठावर बसवून ठेवावे लागले होते. पूल झाल्यावर गावात गाड्या वाढल्या, हॉर्न वाढले, कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवर रांगा लागू लागल्या. तरीही, पूल नको असे म्हणणारा माणूस मला आंजर्ल्यात भेटलेला नाही. पाहुण्यांना जी शांतता वाटते ती काठावरच्या माणसाला कित्येकदा अडवणूक असते, एवढे लक्षात ठेवून मग हळहळ व्यक्त करावी.

कोल्हापूर

ताईंचे म्हणणे पटले. मी केवळ उपयोगाच्या गोष्टी सांगतो. दाभोळ–धोपावे फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी दाभोळहून गुहागरला वाहनाने जायचे तर चिपळूणचा वळसा घ्यावा लागे. धोपाव्याहून गुहागर, पालशेत, हेदवी, वेळणेश्वर, तवसाळ आणि तेथून पुन्हा बोटीने जयगड, असा हा रस्ता आहे. नकाशावर तो किनाऱ्याने जातो म्हणून सपाट असेल असे समजून येणाऱ्यांची येथे परीक्षा होते. प्रत्येक गाव खाडीच्या किंवा पुळणीच्या पातळीवर आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार. त्यामुळे प्रत्येक वेळी आधी घाटी चढा, सड्यावरचे ऊन खा, मग ब्रेक धरून उतरा. हलके गिअर नसतील तर हा रस्ता करू नये. सड्यावर पाणी मिळत नाही, सावलीही नाही. जयगडला उतरल्यावर निवळीकडे जाणारा रस्ता बंदराच्या अवजड वाहनांचा आहे. तो सोडून मालगुंड-गणपतीपुळ्याच्या अंगाने आरे-वारेमार्गे रत्नागिरी गाठावी.

बोटीत चढताना काँक्रीटच्या उताराकडे नीट पाहावे. भरतीच्या वेळी बोटीची लोखंडी फळी वरच्या, कोरड्या भागावर टेकते. ओहोटीला ती खाली, शेवाळ धरलेल्या भागावर येते, आणि तेथे सायकलचे खिळ्यांचे बूट म्हणजे आपणहून घेतलेले संकट. बूट काढून, सायकल डाव्या हाताला धरून, तिरके उतरावे. खलाशी तसेच उतरतात. मुक्कामी पोहोचल्यावर बादलीभर गोड्या पाण्याने साखळी, गिअर आणि ब्रेकच्या तारा धुवाव्यात आणि मगच तेल द्यावे. खाऱ्या हवेत रात्रभर तशीच ठेवलेली साखळी सकाळी तांबूस झालेली दिसते.

पणजी

गोव्यात खाजणे आणि सायकल यांचा मेळ मांडवीतील बेटांवर बसतो. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरले की धक्क्यालगतच सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. ते जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे असले, तरी भरती चढताना खारफुटीच्या मुळांतून पाणी आत येऊ लागते तेव्हा तेथून पाय निघत नाही. दिवाडी बेट मात्र सायकलसाठी अधिक चांगले. मधली टेकडी सोडली तर रस्ते सपाट, कडेला खाजणांचे बांध आणि मानशीची (वर सांगितलेल्या उघाडीसारखी) दारे. जुन्या गोव्याकडून बेटावर यावे आणि पलीकडच्या धक्क्यावरून नार्व्याला जावे. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, आणि त्या देवाचे मूळ स्थान याच दिवाडी बेटावर होते, त्यामुळे बोटीच्या त्या छोट्याशा प्रवासाला वेगळा अर्थ येतो. पणजीहून रायबंदरला जाताना मिठागरांमधून जाणारा लिन्हारिसचा जुना जांभ्याचा पूल १६३३-३४ मधील आहे. कचेऱ्यांच्या वेळा सोडून त्यावरून जावे.

उत्तरेकडून येणाऱ्यांनी वेंगुर्ल्याहून मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी करत तेरेखोल गाठावे आणि फेरीने केरीला उतरावे. शिरोड्याची मिठागरे म्हणजे १९३० च्या मीठ सत्याग्रहाची जागा. मार्च-एप्रिलमध्ये वाफ्यांत मीठ ओढण्याचे काम चालू असते. विचारले तर माणसे थांबून माहिती देतात.

आइंडहोवन, नेदरलँड्स

माझा अनुभव कोकणाबाहेरचा असला तरी पुलाच्या वादात तो उपयोगी पडेल असे वाटते. नेदरलँड्सच्या नैर्ऋत्येला झीलंड प्रांतात वेस्टरस्केल्ड नावाची विशाल खाडी आहे. पूर्वी ती मोटारींसह बोटीने ओलांडत. मार्च २००३ मध्ये खाडीखालून बोगदा झाला आणि मोटारींच्या बोटी बंद पडल्या. बोगद्यातून सायकल चालवता येत नाही. परंतु व्लिसिंगेन ते ब्रेस्केन्स ही एक फेरी पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी चालू ठेवण्यात आली. आम्ही मराठी मित्रमंडळी उन्हाळ्यात आगगाडीने व्लिसिंगेनला जातो, वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे उतरतो आणि समुद्राच्या बांधालगतच्या सायकलवाटेने पुढे जातो.

याच खाडीच्या काठी साफ्टिंगे नावाचा खाऱ्या दलदलीचा मोठा प्रदेश आहे. १५७० च्या पुराने तेथील बरीच जमीन गिळली, आणि उरलेली १५८४ मध्ये युद्धात बांध फोडल्यामुळे पाण्याखाली गेली. ती पुन्हा मिळवण्यात आली नाही. खारेपाटातील खांडींविषयी वर वाचले तेव्हा मला हीच जागा आठवली. दलदलीत खोलवर वाटाड्याशिवाय जाता येत नाही, कारण भरतीचे पाणी चरांमधून मागून येऊन वाट बंद करते. वाऱ्याबद्दल मात्र सावध करतो : चढ नसलेल्या या देशात समोरचा वारा हाच घाट असतो.

तेव्हा दापोलीच्या ताईंचा पूल आणि धागाकर्त्यांची शांतता यांत एकच निवडण्याची गरज नाही. पूल जरूर व्हावेत. पुलाबरोबर एखादी लहान बोट राखावी आणि पुलावर सायकलला स्वतंत्र पट्टी द्यावी, एवढी मागणी आराखडे कागदावर असतानाच करायला हवी. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब कित्येक वर्षे उभे आहेत, म्हणजे विचार करायला वेळ कमी मिळाला असे कोणी म्हणू शकणार नाही.

सातपाटी, पालघर

आमच्याकडे पोहायला शिकण्याआधी भरतीचा हिशेब शिकवतात. कोल्हापूरच्या दादांनी शेवाळलेल्या उताराचा धोका सांगितला, म्हणून तो येथे देतो. पक्षाची तिथी मोजावी, तिला तीनाने गुणून चाराने भागावे. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईजवळच्या किनाऱ्यावर हे गणित अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळते. दक्षिणेकडे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून खात्री करावी.

यातून सायकलवाल्यांसाठी निघणारी गोष्ट अशी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे सकाळची पहिली बोट धरणाऱ्याला नेमकी सर्वांत खोल ओहोटी आणि सर्वांत निसरडा उतार मिळतो. सप्तमी ते नवमीच्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, आणि सकाळी सहा-सातला ते बऱ्यापैकी वर असते. पहिल्या बोटीने निघायचे असेल तर हेच दिवस धरावेत. जूनपासून मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळीचे टेम्पो नसतात आणि रस्ते मोकळे मिळतात, पण फेरीबोटी हवामान पाहून बंद राहतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी धक्क्यावर फोन करून विचारून घ्यावे.