मदत हवी आहे: बीजिंगमध्ये खाजगी गाईडसोबत एक दिवस, फॉरबिडन सिटी आणि बाकी काय काय जमेल?

मोगरा_ठाणे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बीजिंगला जातोय. आम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे (६४ आणि ६९). शनिवारी रात्री उशिरा पोहोचणार, मंगळवारी दुपारी शांघायची रेल्वे. व्हिसा झालाय. सगळ्यांसाठी एक दिवस गाडी आणि इंग्रजी बोलणारा गाईड घ्यायचा विचार आहे. एका आयोजकाने पाठवलेला आराखडा असा:

सोमवार. सकाळी ९ ला हॉटेलवरून – तिआनमेन चौक – फॉरबिडन सिटी (परिस्थितीनुसार बाहेरून) – जेवण – टेंपल ऑफ हेवन – समर पॅलेस – चहापान सोहळा – संध्याकाळी ६ ला हॉटेल. गाडी आणि गाईड मिळून २६०० युआन, प्रवेशशुल्क वेगळं, माणशी ३०० युआन.

प्रश्न:
१. एवढं एका दिवसात होतं का?
२. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सपाट चालतात, जिने नकोत.
३. माणशी ३०० युआन बरोबर आहे का?
४. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.
५. चीनची भिंत बघायची मुलाची फार इच्छा आहे. कुठे बसवू?

पायवाट

आधी कंसातले शब्द वाचा: 'परिस्थितीनुसार बाहेरून'. परिस्थिती अगदी साधी आहे. फॉरबिडन सिटी, म्हणजे जुना शाही राजवाडा, सरकारी सुट्टी सोडून दर सोमवारी बंद असतो. टेंपल ऑफ हेवनची बाग सोमवारी उघडी असते, पण आतलं गोल प्रार्थनामंदिर, प्रतिध्वनीची भिंत आणि गोलाकार वेदी बंद. समर पॅलेसमध्ये फिरता येतं, पण तिथल्याही काही आतल्या इमारती सोमवारी बंद. म्हणजे तुमच्याकडून पूर्ण दिवसाचे पैसे घेऊन तुम्हाला तटबंदी दाखवणार. आयोजकाला हे माहीत नाही असं होऊच शकत नाही.

राजवाडा रविवारी घ्या. सोमवारी भिंत, ती सोमवारी उघडी असते. तुमचा पाचवा प्रश्न तिथेच सुटला.

तिकीटबाबू

पायवाट यांच्याशी सहमत. फक्त रविवार म्हटला की तिकिटाची घाई आली, म्हणून ते नीट समजून घ्या, कारण बाकीचा दिवस या एका तिकिटाभोवती बसवावा लागतो.

फॉरबिडन सिटीची तिकिटं भेटीच्या ७ दिवस आधी, बीजिंगच्या रात्री ८ वाजता खुली होतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५:३०. तुमच्यासाठी आदल्या रविवारी साडेपाच. रोजची संख्या ठरलेली असते आणि वसंतातल्या सुट्टीच्या दिवसांची सकाळची तिकिटं पटकन उडतात. सकाळ आणि दुपार असे वेगळे गट असतात, सकाळचाच घ्या. दारावर आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं आणि दारावर मूळ पासपोर्टच लागतो. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही. मुलाला पैसे पडले नाहीत तरी त्याच्या पासपोर्टवर स्वतंत्र आरक्षण लागतंच. हे बरेच जण विसरतात आणि मग दारात चौघं आत, पोर बाहेर अशी पंचाईत होते.

आता पैसे. एप्रिल ते ऑक्टोबर राजवाडा ६० युआन. आतलं रत्नदालन १० युआन, त्याचं तिकीटही आरक्षण करतानाच जोडा. टेंपल ऑफ हेवनचं सगळं धरून एकत्रित तिकीट ३४. राजवाड्यामागची जिंगशान टेकडी २. बेरीज १०६. समर पॅलेसचं एकत्रित तिकीट ६० धरलं तरी १६६ होतात. ३०० कशाचे ते ओळीओळीने लिहून मागा. बहुधा उरलेले त्या 'चहापान सोहळ्या'चे असतील.

चिनीमाती

चहापान म्हणजे दुकान. चार प्रकार चाखायला देतात आणि मग डबे पुढे येतात. जेड, रेशीम, मोती यांचे 'कारखाने' त्याच जातीचे. अशा थांब्यांवर गाईडला कमिशन असतं, म्हणून गाडीचा दर कधी कधी संशय यावा इतका कमी दिसतो. 'खरेदीचा एकही थांबा नाही' हे वाक्य लेखी घ्या. गाईडचं सरकारी ओळखपत्र असतं, त्याची प्रतही मागून ठेवा. खरा गाईड कुरकुर न करता पाठवतो.

तिआनमेन चौक आणि वांगफुचिंगच्या रस्त्यावर इंग्रजी सराव करायचाय किंवा चित्रप्रदर्शन बघा म्हणत कोणी गोड बोलून चहाला नेऊ लागलं, तर हसून पुढे चालू लागा. बिल शेकड्यांत नाही, हजारांत येतं.

पायवाट

आता गुडघ्यांचं. राजवाडा दक्षिण-उत्तर ९६१ मीटर आणि पूर्व-पश्चिम ७५३ मीटर आहे. नकाशावर सरळ रेषा दिसते, प्रत्यक्षात तीन-साडेतीन किलोमीटर चालणं होतं आणि पायाखाली उंचसखल दगडविटांची फरसबंदी. पुढच्या मोठ्या चौकात एक झाड नाही. सावली नाही आणि टेकायला जागाही जवळपास नाही.

प्रवेश फक्त दक्षिणेच्या वूमेन दारातून. बाहेर पडायचं उत्तरेच्या शेनवूमेन किंवा पूर्वेच्या दोंगहुआमेनमधून. एकदा बाहेर पडलात की परत आत नाही. बहुतेक गाईड तिआनमेन चौकातून नेतात. तिथे वेगळं आरक्षण, सुरक्षा तपासणीची लांब रांग, मग चौक ओलांडायचा, मग वूमेनपर्यंत परत चाल. सासऱ्यांची अर्धी ताकद तिथेच संपेल. त्याऐवजी दोंगहुआमेनच्या बाजूला उतरा आणि खंदकाच्या कडेकडेने वूमेनला या. रस्ता सपाट आहे, कोपऱ्यावरचा बुरूज पाण्यात दिसतो तो वेगळाच. चौक बघायचाच असेल तर तरुण मंडळींनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावं, आरक्षण करून.

आत गेल्यावर सगळे लोक मधल्या अक्षावरून मेंढरांसारखे सरळ जातात. ताईह, चुंगह आणि बाओह ही तीन मोठी दालनं संगमरवरी चौथऱ्यावर आहेत, पायऱ्या तिथेच. सासऱ्यांना कडेच्या वाटेने न्या. दालनाच्या आत तसंही कोणालाच सोडत नाहीत, दारातून डोकावायचं आणि धक्के खायचे. मुलाला मात्र ताईहच्या छताच्या कोपऱ्यावरचे प्राणी मोजायला सांगा: दहा. इतके दुसऱ्या कुठल्याच छतावर नाहीत, आणि शेवटचा पंखवाला माकडासारखा प्राणी फक्त इथे.

बाओहच्या मागे जाऊन उलटं वळून बघा. उतारावर ड्रॅगन आणि ढग कोरलेली एकच अखंड शिळा आहे, साडेसोळा मीटर लांब, दोनशे टनांहून जड. हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून बर्फ केला आणि त्यावरून ती ओढत आणली. पुढून येणारे निम्मे लोक ती न बघताच निघून जातात.

तिथून उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, रत्नदालनाकडे वळा. गर्दी एकदम ओसरते, झाडं येतात, बसायला बाकं मिळतात. दारातच नऊ ड्रॅगनची चकाकत्या फरशांची भिंत. पूर्वेकडून तिसऱ्या पांढऱ्या ड्रॅगनच्या पोटाचा तुकडा लाकडी आहे, जवळ गेलं की रंगातला फरक दिसतो. उत्तरेच्या टोकाला चेन या राणीची विहीर, १९०० मध्ये तिला जिथे ढकललं म्हणतात ती. इतकी अरुंद की मुलगा विचारणारच, माणूस आत जाईल कसा. तिथून शेनवूमेन जवळ. अक्षावरचं मागचं बागेचं अंगण सुटतं, सुटू दे.

एकूण तीन ते साडेतीन तास धरा. ८:३० ला दार उघडतं, ८ ला रांगेत असा. ९ ला हॉटेलवरून निघणं म्हणजे उन्हात आणि गर्दीत उभं राहणं. चाकांची खुर्ची लागणार असेल तर गाईडला आधीच सांगून ठेवा.

तिकीटबाबू

एक भर. गाडी दाराशी येत नाही. राजवाड्याभोवती थांबायला मनाई, पार्किंग नाही. 'खाजगी गाडी' म्हणून डोळ्यांसमोर जे चित्र येतं तसं नसतं. उतरण्याची जागा आणि परत बसण्याची जागा, दोन्हींपासून किती चालायचं ते मीटरमध्ये विचारा. खरं तर रविवारी गाडी हवीच असं नाही. दोंगहुआमेनसाठी मेट्रोची ८ क्रमांकाची मार्गिका, जिन्यू हूथुंग स्थानक. टेंपल ऑफ हेवनच्या पूर्व दारासाठी ५ क्रमांकाची. फक्त गाईड घेतला आणि मध्ये टॅक्सी केली तर बरेच पैसे वाचतील, ते सोमवारच्या गाडीला लावा.

जुनेपाने

मला विचाराल तर टेंपल ऑफ हेवन गाळा आणि दुपारी समर पॅलेस घ्या. तलावाकाठी ७२८ मीटरची छप्पर असलेली रंगीत ओसरी आहे, सपाट, सावलीची. गुडघेदुखीवाल्यांना त्याहून चांगली जागा नाही. बुद्धमनोऱ्यावर चढायचं नाही एवढंच.

पायवाट

जागा छान, पण अंतर बघा. समर पॅलेस शहराच्या वायव्येला, मध्यापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. रविवारी दुपारी गाडीत तास जाऊ शकतो आणि आत २९० हेक्टर, त्यातला तीन चतुर्थांश तलाव. दमलेल्या माणसांसाठी टेंपल ऑफ हेवन बरं. पूर्व दारातून शिरा, सपाट वाट थेट गोल मंदिराकडे जाते. ३८ मीटर उंच, २८ खांब, मधले ४ ऋतूंचे, पुढचे १२ महिन्यांचे, बाहेरचे १२ चिनी प्रहरांचे. मूळ १४२० चं. १८८९ मध्ये वीज पडून जळलं, आज दिसतं ते त्यानंतर पुन्हा बांधलेलं. बाहेरच्या ओसरीत म्हातारी मंडळी पत्ते कुटत बसलेली असतात, सासरे तिथे रमतील.

जुनेपाने

पत्त्यांवर हरलो! आणखी एक, १९०० च्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर ब्रिटिश फौजेचा तळ याच आवारात होता आणि त्यात हिंदुस्थानी शिपाई होते. गाईड स्वतःहून सांगत नाहीत, विचारलंत तर सांगतात.

चिनीमाती

जेवणाचं राहिलं. 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही, मांसाचे तुकडे बाजूला काढून देतात. चिनीत लिहिलेलं कार्ड ठेवा: मांस, मासे, अंडं, डुकराची चरबी, कोंबडीचं पाणी, ऑयस्टर सॉस, काहीही नको. मापो टोफू या तिखट टोफूच्या पदार्थात खिमा असतो. परतलेल्या फरसबीतही बहुतेकदा खिमा असतो, दिसायला आपली सुकी भाजी. हिरव्या पालेभाजीवरचा तपकिरी रस ऑयस्टर सॉसचा असू शकतो. बटाट्याच्या आंबट-तिखट काड्या, लसूण घालून परतलेली पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, साधा भात, हे त्यातल्या त्यात खात्रीचं. राजवाड्यातल्या उपाहारगृहाच्या भरवशावर राहू नका, पिशवीत दशम्या ठेवा. लायटर आणि काड्यापेटी मात्र नको, तपासणीत काढून घेतात.

अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपमध्ये आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड इथूनच जोडून घ्या. २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला ३ टक्के लागतात. आणि एप्रिलमध्ये पॉप्लर-विलोचा कापूस हवेत उडतो, कोणाला दमा किंवा शिंका असतील तर मास्क.

मोगरा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आयोजकाला सोमवारचं विचारलं, तर 'बाहेरून फोटो छान येतात' असं उत्तर आलं. तो विषय संपला. रविवारी फक्त गाईड, सोमवारी गाडी असं ठरवतेय. दोन उपप्रश्न: भिंतीवर सासू-सासऱ्यांचं काय? आणि सासरे सोलापूरचे, त्यांना डॉ. कोटणीसांच्या समाधीला जायचंय. बीजिंगमध्ये आहे ना?

तिकीटबाबू

नाही, ती शिजियाच्वांगला, हुतात्म्यांच्या दफनभूमीत. हायस्पीड रेल्वेने दीड तासाच्या आत पोहोचता, पण जाऊन येऊन दिवस जातो. भिंत की समाधी, घरात ठरवा.

भिंतीचा मुतियान्यू भाग घ्या, बादालिंग भागात गर्दी फार. अंतर ७० किलोमीटरच्या आसपास, सकाळी ७ ला निघा. वर जायला दोन वेगळ्या सोयी आहेत: बंद डब्यांचा रोपवे १४ क्रमांकाच्या बुरुजापाशी सोडतो, उघड्या खुर्च्यांचा ६ क्रमांकाच्या. घसरगाडी सहाजवळूनच खाली येते. दोन्ही सोयी वेगळ्या कंपन्यांच्या, एकीचं परतीचं तिकीट दुसरीला चालत नाही. म्हणून सासू-सासऱ्यांना बंद डब्याचं जाऊन-येऊन, तुम्हा तिघांना फक्त वर जायचं. मग चौदापासून सहापर्यंत भिंतीवरून चालत या आणि घसरगाडीने उतरा. सव्वा-दीड तास लागतो. पावसात घसरगाडी बंद ठेवतात, त्या दिवशी अंदाज बघून तिकीट काढा. खाली भेटण्याची जागा आधी ठरवा, दोन्हीकडचे लोक वेगवेगळ्या ठिकाणी उतरतात.

पायवाट

आणि आदल्या रविवारी साडेपाचच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट क्रमांक एका जागी लिहून ठेवा. सासऱ्यांचा पासपोर्ट नवीन निघाला असेल तर क्रमांक नव्याचा, जुन्याचा नाही. रविवारचं तिकीट नाहीच मिळालं तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. जिंगशान, टेंपल ऑफ हेवन आणि समर पॅलेस असा पर्यायी रविवार मांडून देतो, छतं तरी वरून दिसतील.