औट्रम घाटातला औट्रम आणि धरणगावचा औट्रम एकच का?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरच्या औट्रम घाटावर स्मरणिकेसाठी एक पान लिहायचं आहे. एका जुन्या अंकात छापलंय, 'खानदेशचे कलेक्टर सर औट्रम यांनी भिल्ल पलटण उभारली.' हे कितपत खरं? पलटण उभारली कशी? आणि मूळ कागद कुठे पाहायचे?

सातमाळा:
माणूस एकच, पण त्या एका ओळीत दोन चुका आहेत. औट्रम हा इंग्रज लष्करी अधिकारी, खानदेशचा कलेक्टर कधीच नव्हता. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इथला कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे आला आणि ठाणं धुळ्याला पडलं. औट्रम आला 1825 मध्ये. वय 22, हुद्दा लेफ्टनंट. 'सर' पुष्कळ नंतरचं. तेव्हा 'लेफ्टनंट जेम्स औट्रम' एवढंच लिहा.

तिसरी चूक अजून तुमच्या हातून व्हायची आहे, म्हणून आधीच सांगतो. 1825 मध्ये तीन भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेऱ्या, निघाल्या. कन्नडची एजन्सी ओव्हान्स नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे होती. भिल्लांना तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) देऊन शेतीला बसवायचं, हे तिचं मुख्य काम. औट्रमचं ठाणं धरणगाव. घाटाला नाव औट्रमचं आहे म्हणून कन्नडचं काम त्याच्या खात्यावर टाकू नका.

पाल-यावल:
पलटणीबद्दल. 1818 ते 1825 फौज पाठवून डोंगर पिंजायचा प्रयत्न झाला. तो फसला, कारण पावसाळ्यानंतरच्या हिवतापाने शिपाईच आडवे व्हायचे आणि एक नाईक (भिल्लांचा म्होरक्या) धरला की दुसरा उभा राहायचा. घाटवाटा राखण्याबद्दल नाईकांना मिळणारे जुने हक्क थकले होते, हेही दुखणं होतंच. एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर. त्याने धोरण फिरवलं: मागचे गुन्हे माफ, हक्क चालू, आणि भिल्लांचीच पलटण.

भरतीला कोणी येईना. ही आपल्याला एका जागी गोळा करून पकडायची युक्ती आहे, असा संशय होता. पहिल्या छाप्यात हाती लागलेल्यांतले नऊ जण घेऊन औट्रमने सुरुवात केली. त्यांच्यामार्फत नातेवाइकांना निरोप गेले. तो स्वतः त्यांच्यात राहायचा, शिकारीला जायचा. पुढे पलटण मालेगावच्या छावणीत आली, तेव्हा तिथल्या वरच्या जातींच्या शिपायांनीही भिल्लांना सुपारी देऊन मान दिला. संशय फिटायला त्याचा मोठा उपयोग झाला.

पण आरती ओवाळू नका. हीच पलटण घेऊन तो 1830 मध्ये डांगवर चालून गेला. भिल्लांकडून भिल्लांना आवरायचं, हा त्यातला हिशोब होताच.

तापीथडी:
औट्रमचं पुढचं थोडक्यात. 1835 मध्ये गुजरातेत महीकांठ्याला बदली, मग अफगाणिस्तान, सिंध (तिथे सेनापती नेपियरशी बिनसलं), बडोद्याची रेसिडेन्सी, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीचं पद. बडोद्यातल्या लाचखोरीवर त्याने अहवाल दिला आणि स्वतःच पद गमावलं. त्या प्रकरणात आपला 'खटपट' शब्द इंग्रजी कागदांत जसाच्या तसा गेला! 1856 मध्ये अवध खालसा झालं तेव्हा लखनौला रेसिडेंट हाच. 1857 च्या उठावात हुद्द्याने वरचा असूनही वेढलेलं लखनौ सुटेपर्यंत सेनापतीपद जनरल हॅवलॉककडेच राहू दिलं.

कागदांसाठी आधी खानदेश गॅझेटिअर (इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ), खंड 12, 1880 चा. मग मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे राजकीय, न्याय आणि महसूल असे तिन्ही विभाग मागवा. एकाच विभागात शोधलं की निम्मं सुटतं. 'जळगाव जिल्हा' म्हणून शोधू नका, खानदेशचे पूर्व-पश्चिम तुकडे 1906 चे. गावांची इंग्रजी स्पेलिंगंही त्या काळची, मनाला येईल तशी. आजच्या स्पेलिंगने सूचीत सापडलं नाही म्हणजे कागद नाही असं नव्हे.

गिरणाकाठ:
आभारी आहे. ओळ अशी केली: '1825 मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली.' चालेल?

सातमाळा:
'उभारायला सुरुवात केली' म्हणा. नऊ माणसांची पलटण होत नाही.