हे फुलपाखरू की पतंग? (सावंतवाडी)

रानवाट: काल सावंतवाडीजवळ ओढ्याकाठी सकाळी दहाच्या उन्हात एक मोठं निळं-जांभळं काळ्या ठिपक्यांचं काहीतरी उडताना दिसलं, मी म्हटलं ब्लू टायगर फुलपाखरू, पण बायको म्हणते पंख पसरून बसलंय म्हणजे पतंग. फोटो हललाय. कोण बरोबर?

चिकूवाडी: वहिनी बरोबर 😀 डिस्फेनिया पर्कोटा असणार, इंग्रजीत ह्यालाच ब्लू टायगर मॉथ म्हणतात त्यामुळे सगळा घोळ. दिवसा उडतो म्हणून भलेभले फसतात. नुसत्या बसण्यावर जाऊ नका, काही फुलपाखरंही पंख पसरून बसतात, मिशा बघा, फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, ह्याच्या नसते.

रानवाट: पण पतंग तर रात्रीचे ना?

चिकूवाडी: बहुतेक हो, पण सगळे नाही. आजूबाजूला कॅरॅलिया ब्रॅकिआटाचं झाड आहे का बघा, अळी मुख्यतः त्याची पानं खाते. पिवळीधमक, अंगावर काळे ठिपके. मागचे पाय फांदीला घट्ट धरून बाकीचं अंग ताठ उभं करून बसते, भारी दिसतं.

देवराई: आणि चालताना वीत टाकत चालते, कारण मधले पायच नसतात. ह्या कुळाचं नाव जिओमेट्रिडी त्यावरूनच, ग्रीकमध्ये जमीन मोजणारा. नावात टायगर असलं तरी खरे टायगर मॉथ मात्र वेगळ्याच कुळातले, तिकडे शोधत बसू नका, मी दोन तास घालवलेत.

रानवाट: झाड आहे!! ओढ्याला लागूनच. बायकोला अजून सांगितलेलं नाही.