रात्रीची दाढदुखी: सकाळपर्यंत काय द्यावं, कोणाला लगेच पुढे पाठवावं?

उपकेंद्र_सीएचओ

संध्याकाळनंतर उपकेंद्रावर दाढदुखीचे रुग्ण बरेच येतात. दंतवैद्य तालुक्याला, आणि तेही दुसऱ्या दिवशीच भेटणार. हाताशी पॅरासिटामॉल ५००, आयबुप्रोफेन ४००, डायक्लोफेनॅक आणि अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक. आडवं झालं की ठणका का वाढतो? रुग्ण कधी वरची दाढ दाखवतो, कधी खालची, कधी कानच धरून बसतो, हे कसं? "पाच दिवस अँटिबायोटिक खाल्लं, काडीचा फरक नाही" ही तक्रार तर नेहमीची. आणि मुख्य म्हणजे, रात्रीच गाडी करून पाठवायचा रुग्ण ओळखायचा कसा?

रूट_कॅनालवाला

दाताच्या मधोमध पल्प असतो, लोक त्यालाच 'नस' म्हणतात. बोटाला लागलं तर बोट सुजतं. पल्पभोवती मात्र चहूबाजूंनी डेंटिन, म्हणजे दाताचा कडक थर, सुजायला जागाच नाही. दाह सुरू झाला की आतला दाब वाढतो. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब जास्त पोचतो, त्याची भर पडते आणि नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकायला लागतं. त्यामुळे दोन उशा घेऊन अर्धवट बसतं झोपायला सांगणं हा खरा उपाय आहे, नुसता दिलासा नाही.

पल्पमध्ये वेदना नेणारे तंतू मुख्यतः दोन जातींचे. ए-डेल्टा तंतूंना मायलिनचं आवरण असतं, ते वेगवान. थंड पाणी लागलं की डेंटिनच्या सूक्ष्म नळ्यांतला द्रव हलतो, हे तंतू चेततात आणि सळक येते, लगेच जाते. सी तंतू बिनआवरणाचे, संथ. ते पल्पच्या आतल्या भागात असतात, उष्णतेला आणि दाहातल्या रसायनांना दाद देतात, त्यांची वेदना खोल, ठणकणारी आणि रेंगाळणारी. ऑक्सिजन कमी पडला तरी ते तग धरतात. म्हणून मरायला टेकलेला पल्पही रात्रभर छळतो.

हे माहीत असलं की विचारपूस सोपी होते. थंड लागल्यावर कळ येऊन काही सेकंदांत गेली, तर पल्प बहुधा वाचेल, कीड काढून भरलं की भागतं. थंड किंवा गरम लागून गेल्यावर मिनिटभर किंवा त्याहून जास्त ठणकत राहिलं, किंवा काही न लागता आपोआप दुखायला लागलं, तर पल्प हाताबाहेर गेलेला समजा. गरम चहाने दुखणं भडकतं आणि थंड पाण्याची गुळणी तोंडात धरली की थांबतं, अशी तक्रार आली तर तो शेवटचा टप्पा. असे रुग्ण पाण्याची बाटली हातात घेऊनच येतात. अशा दाढेला रूट कॅनाल किंवा काढून टाकणं, तिसरी वाट सहसा नाही.

आता कोणती दाढ, हे का कळत नाही. पल्पमध्ये जागा सांगणारे संवेदक जवळजवळ नाहीत. शिवाय वरच्या-खालच्या दोन्ही जबड्यांचे आणि कानाच्या आसपासचेही बरेच तंतू चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेतून मेंदूच्या खोडातल्या एकाच केंद्रकात पोचतात, अनेकदा एकाच पेशीवर. निरोप आला कुठून, हे मेंदूला नीट सांगता येत नाही. मात्र दातापासून परावर्तित झालेली वेदना चेहऱ्याची मध्यरेषा सहसा ओलांडत नाही. उजवी दाढ आणि डावा कान एकदम दुखत असतील तर दोन वेगळी कारणं शोधा. संसर्ग मुळाच्या टोकाबाहेर आला की मूळ हाडाशी बांधणाऱ्या अस्थिबंधातले स्पर्श-संवेदक जागे होतात. मग रुग्ण बरोबर बोट ठेवतो: "हीच, चावलं की मस्तकात जाते." दात बघायच्या आरशाच्या दांड्याने हलकेच टिचकी मारून बघा, पण आधी चांगल्या दातावर, म्हणजे रुग्णाला फरक कळतो.

आणखी एक फसवणूक. दोन रात्री तळमळलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी "आपोआप थांबलं" म्हणतो. पल्प मेला, तंतू मेले, म्हणून थांबलं. जंतू आतच आहेत. काही आठवड्यांनी तोच माणूस गाल सुजवून येतो.

अँटिबायोटिकचं कोडंही इथेच सुटतं. पल्पचा दाह ही दाबाची आणि रसायनांची वेदना आहे, जंतू मारून ती कमी होत नाही. पल्प मेल्यावर तर रक्तपुरवठाच बंद, औषध आत पोचणार कुठून? अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ताप, अंगात कसर, पसरती सूज नसेल आणि दाताचा इलाज मिळणार असेल, तर निरोगी प्रौढाला अँटिबायोटिक नको. "देऊन ठेवू, नुकसान काय" या सवयीमुळे रुग्ण पाच दिवस वाट बघतो आणि दाढ हातची जाते.

औषधनिर्माता_रात्रपाळी

मात्रांचं मी सांगतो. धडधाकट प्रौढाला, काहीतरी खाल्ल्यावर, आयबुप्रोफेन ४०० एक गोळी आणि पॅरासिटामॉल ५०० च्या दोन, एकाच वेळी. दोघांची काम करण्याची जागा वेगळी, त्यामुळे जोडी एकट्यापेक्षा सरस ठरते. आयबुप्रोफेन दर ८ तासांनी, दिवसात १२०० मिग्रॅच्या वर नको. पॅरासिटामॉल दर ८ तासांनी दिलं तर दिवसाचे ३ ग्रॅम होतात, तेवढं पुरे. वजन ५० किलोच्या आत, यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर एका वेळी ५००च. आयबुप्रोफेनच्या दोन गोळ्या एकदम देऊन ठणका दुप्पट कमी होत नाही, पोट मात्र जळतं.

गोळी घड्याळाप्रमाणे द्या. आयबुप्रोफेन नवं प्रोस्टाग्लँडिन (दाह आणि वेदना वाढवणारं रसायन) तयार होणं थांबवतं, आधी तयार झालेलं पुसत नाही. कळ डोक्यात गेल्यावर घेतलेली गोळी म्हणूनच उशिरा लागू पडते.

चुका कुठे होतात? संध्याकाळी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, रात्री आयबुप्रोफेन, वर शेजाऱ्याने दिलेली केटोरोलॅकची विरघळणारी गोळी. तिन्ही एकाच गोत्राची. फायदा वाढत नाही, जठर आणि मूत्रपिंडावर मात्र तिहेरी मार. दुसरी चूक पॅरासिटामॉलच्या बेरजेची. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० सोबत पॅरासिटामॉल ३२५ असतंच. तिच्यावर ६५० ची एक दिली की ९७५ झाले, तिथेच थांबा. सर्दीच्या गोळीतही ते लपलेलं असतं, आधी काय घेतलं ते पाकीट मागून बघा.

आयबुप्रोफेन कोणाला नको: अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदर बाई, वेदनाशामकाने दमा उठणारे. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन ७५ घेणाऱ्यालाही टाळा, कारण ॲस्पिरिनचं काम आयबुप्रोफेन अडवतं. आणि पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

उपकेंद्र_सीएचओ

आभार. लवंगेचं तेल आणि मिश्रीचं काय? बायका सर्रास मिश्री लावून येतात. लहान मुलांचंही सांगा.

रूट_कॅनालवाला

लवंगेतलं युजेनॉल तंतूंना खरोखर बधिर करतं. पण ते लावायचं किडीच्या खड्ड्यात, हिरडीवर नाही. आधी अर्धा चमचा मीठ ग्लासभर कोमट पाण्यात घालून चूळ भरायला लावा, दोन दातांच्या फटीत अडकलेलं फ्लॉसने काढा. कधी कधी एवढ्यानेच ठणका उतरतो, कारण दुखत असते ती फटीतली दाबलेली हिरडी. मग ज्वारीच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा तेलात बुडवून पिळा आणि चिमट्याने खड्ड्यात ठेवा. निथळता बोळा हिरडी भाजतो. ॲस्पिरिनची गोळी गालात धरून बसणाऱ्यांच्या हिरडीवर पांढरा चट्टा दिसतो, तो पू नाही, भाजल्याचा डाग आहे. गालावर बाहेरून शेक द्यायचा तो थंड, फडक्यात बर्फ, १५ मिनिटं. गरम शेकाने सूज वाढते.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. जरा बरं वाटतं ते निकोटिनमुळे, आणि पुढे दाढ गेली तरी मिश्री सुटत नाही.

मुलांना पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, दर ६ तासांनी. २० किलोच्या मुलाला ३०० मिग्रॅ: ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे ६ मिली, १२५ वाल्याचे १२ मिली. बाटलीवरचा आकडा न वाचता "एक झाकण" सांगू नका. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही, आणि लवंगेच्या तेलाची बाटली त्यांच्या हाताला लागू देऊ नका.

जबडा_सर्जन

गाडी करून पाठवायचे रुग्ण. तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडतं. गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा किंवा तोंडात काही ठेवून बोलल्यासारखा. जिभेखालचा भाग उचललेला, हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी कडक सूज. सूज डोळ्यापर्यंत, पापणी मिटत चाललेली. यातलं एकही दिसलं तर गोळ्या देऊन सकाळची वाट बघू नका. खालच्या दाढांचा पू जिभेखाली आणि मानेत उतरला की श्वासनलिका दाबली जाते, आणि ते काही तासांत होऊ शकतं. छोट्या दवाखान्यात नको. भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच, बसवून न्या, झोपवून नाही. मधुमेही रुग्णाला इतकं वाढण्याआधीच पाठवा.

पन्नाशीपुढच्या माणसाचा खालचा जबडा पायी चालल्यावर दुखतो, बसल्यावर थांबतो, दात ठाकठीक, तर दुखणं हृदयाचं असू शकतं, आधी ईसीजी.

उपकेंद्र_सीएचओ

"सुई देऊनही दुखलं" म्हणून काही रुग्ण परत दंतवैद्याकडे जातच नाहीत. त्यात तथ्य आहे का?

रूट_कॅनालवाला

आहे. रुग्ण नाटक करत नसतो. भुलीच्या सुईतल्या लिग्नोकेनचा जो भाग विद्युतभाररहित असतो, तोच नसेच्या आत शिरतो. शरीराच्या सामान्य ७.४ पीएचला तो साधारण चौथा हिस्सा, आणि दाहामुळे आम्लता वाढून पीएच ६.९ वर आला तर जेमतेम ९ टक्के. पण खालच्या दाढेसाठी सुई दाहापासून दूर, जबड्याच्या मागे देतात, तरीही कमी पडते. तिथे कारण वेगळं: भडकलेल्या पल्पच्या तंतूंवर लिग्नोकेनला सहज न जुमानणारे सोडियम चॅनेल (वेदनेचा निरोप पुढे नेणारी सूक्ष्म दारं) वाढलेले असतात. ओठ बधिर होतो, दाढ जागीच राहते. म्हणून ओठ बधिर झाला की लगेच ड्रिल लावू नये, दाढेवर थंड फवारा मारून तपासावं. लागलंच तर गालाच्या बाजूने ४ टक्के आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध, किंवा दात आणि हाडाच्या फटीत थोडी भूल द्यावी.

तुम्ही एवढं करा: आयबुप्रोफेन चालत असेल तर वेळेच्या तासभर आधी, खाऊन, ४०० ची गोळी घेऊन पाठवा. खालच्या जबड्याची भूल लागण्याची शक्यता वाढते. आणि कोणतं औषध किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर लिहा, नाहीतर तिकडे पुन्हा डायक्लोफेनॅक टोचतात.